मोडलेला सण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरधन्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — माझं मलाच नीट कळत नाही.

आमचं घर टोकावड्याजवळ. सासरे गेले ते नेमके गौरीपूजनाच्या दिवशी, आणि आमच्या घरचा तो सण मोडला. सणाच्या दिवशी घरातलं माणूस गेलं, की तो सण त्या घराला बंद. पुढे कधी त्याच सणाला घरात मूल जन्मलं, नाहीतर गोठ्यात गाय व्यायली, तर म्हणायचं — सण जोडला. तोवर शेजारच्या बाया फेर धरायच्या आणि आम्ही दार लोटून बसायचो. सासूबाई मात्र फटीतून बघायच्या. "मराच्या आदी येकदा माज्या घरात गौर बसूं दे," एवढंच त्यांचं मागणं होतं.

मी थोरली. लग्नाला बरीच वर्षं होऊनही माझी कूस उजवली नव्हती. धाकटी जाऊ आली ती धसईची — हसरी, देखणी, आणि मागोमाग तिच्या बापाने धाडलेली गाय. सासूबाई भेटेल त्याला तिच्या पायगुणाचं सांगायच्या. मग माझा पायगुण कसला होता? मी जळत होते. त्याला दुसरा शब्द नाही.

महाराष्ट्र राज्य व्हायच्या आधीचं ते साल. गौरीपूजनाचा दिवस. आम्हाला सण नाही, म्हणून मीच गुरं घेऊन माळावर गेले. धाकटीची ती गाय गाभण होती, पण व्यायला अजून आठवडाभर अवकाश आहे असं सगळे धरून होते. पण दुपारी ती उंबराखाली व्यायली — माझ्या डोळ्यांदेखत. वासरू ओलंचिंब, आणि ती त्याला चाटत होती. याचा अर्थ मला कळला नाही, असं कुठल्या तोंडाने म्हणू? धावत घरी जायचं आणि ओरडायचं, एवढंच काम होतं. दिवस मावळायच्या आत तेरड्याची गौर बसली असती.

पण मला दिसली ती धाकटी. सासूबाई तिची ओटी भरताहेत, बाया तिला मधे घेऊन नाचताहेत... आणि मी कुठे? चुलीपाशी.

गायवासरू तिथेच सोडलं. बाकीची गुरं घेऊन परतले आणि गाय रानात चुकली म्हणून सांगितलं. बिबट्याने वासरू नेलं असतं तर? — तेही मनात आलं होतं. तरी सोडलं.

सकाळी दिराला घेऊन गेले, इकडेतिकडे शोधल्याचं सोंग केलं. गायवासरू अंगणात आलं तेव्हा सासूबाईंनी मलाच विचारलं.

"कवा व्याली गो?"

"आज पहाटंला."

"येक दीस चुकला," त्या म्हणाल्या. मग वासराला जवळ घेऊन बसल्या. माझ्या बोलण्यावर त्यांनी शंकासुद्धा घेतली नाही.

पुढच्या गौरी यायच्या आधीच, आषाढात, त्या गेल्या. धाकटी माझ्या गळ्यात पडली. "माज्याच गायीनं त्यांना फशिवलं गो बाय," म्हणत ढसाढसा रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तेव्हा तरी बोलायचं — नाही बोलले. तिला इतकं मोकळं रडता येतं, याचाच मला हेवा वाटत होता.