थोरला धोंड्या आत्याबाईंना मारत नव्हता

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कमेंटमध्ये कुणी शहाणपणा शिकवायला नको. मी भूतखेत, नजर, करणी, यातलं काहीही मानत नाही. आमच्या दाराला लिंबू-मिरची नाही, आणि सोसायटीतल्या बायका अमावास्येचं काही सांगायला लागल्या की मी सरळ घरात निघून जाते. शिवाय माझं कामच सॉफ्टवेअर टेस्टिंगचं आहे. दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या, त्या पुन्हा पुन्हा घडवून दाखवायच्या, यावर माझं पोट चालतं. तेव्हा खाली जे लिहिलंय ते वाचून "अहो ताई, बग असेल" असं लिहिणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं... बग काय असतो ते मला चांगलं ठाऊक आहे.

आम्ही गारखेड्यात राहतो. मी, नितीन म्हणजे माझा नवरा, आणि माझ्या सासूबाई. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात, मीही तेच म्हणते. आत्याबाईंचं माहेर पडेगावचं, शेतीवाडीचं घर. मागच्या वर्षी त्यांना लकवा मारला. बोलणं वाचलं, पाय हळूहळू सुधारला, पण उजवा हात तसाच राहिला. विशेषतः अंगठा. तो जागचा हलायचाच नाही.

आता तुम्ही म्हणाल, डाव्या हातानं भागतं की माणसाचं. जेवण भागलं, कपडे भागले. पण पाणी नाही भागलं. आत्याबाईंची रीत अशी की दारात कुणीही येवो, मग तो पाहुणा असो, गॅसवाला असो की मीटर बघणारा, आधी तांब्याभर पाणी, मग बाकीचं बोलणं. आणि ते पाणी उजव्या हातानंच. डाव्या हातानं पाणी देणं म्हणजे समोरच्याचा अपमान. मी किती वेळा सांगितलं की मी देते पाणी, तुम्ही नुसत्या बसा समोर. नाही. बेल वाजली की त्या आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडायच्या.

त्यांचे थोरले भाऊ, आमचे पडेगावचे मामा, दर रविवारी यायचे. लकव्यानंतर ते आले तेव्हाही आत्याबाई झोपेचं सोंग घेऊन पडल्या. असं दोनतीनदा झालं. शेवटच्या वेळी मी दिलेल्या पाण्याला मामांनी हातसुद्धा लावला नाही. चपला घालता घालता मला म्हणाले, "शांतीला म्हणावं, माझं काय चुकलं आसंल तर तोंडावर सांग. आसं भिताडाकडं तोंड करून नको." मग ते यायचेच बंद झाले, फोनही बंद. आत्याबाईंनी मला शपथ घातली होती की उजवा हात गेलाय हे मामांना सांगायचं नाही. मला इतका संताप यायचा, पण शपथ म्हणजे शपथ.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी अंगठ्याचा व्यायाम दिला होता. रबरी चेंडू दाबायचा. आत्याबाई म्हणाल्या, "हे काय लेकराचं खेळणं दिलंय." चेंडू सोफ्याखाली गेला तो गेलाच. तेव्हा मला सुचलं की मी टीव्हीला जोडून गेम खेळते, त्याच्या कंट्रोलरला अंगठाच तर लागतो. मॅडमही म्हणाल्या, बघा करून.

जे गेम खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. या गेममध्ये आपण एक वाटसरू असतो. डोंगरातून वाट काढत जायचं, वाटेत शत्रू येतात, त्यांना मारत ताकद वाढवायची. सगळ्यात साधा शत्रू म्हणजे दगडाचा एक गोळा, त्याला दोन हात. तो गडगडत येतो आणि टोले देतो. आत्याबाईंनी त्याचं नाव धोंड्या ठेवलं. पुढे डोंगराच्या माथ्यावर याच धोंड्याची मोठी जात येते. रूप तेच, पण लाल, दुप्पट उंच, आणि एका टोल्यात खेळ खलास. तो त्यांच्या भाषेत थोरला धोंड्या. मला तो आजही हरवता येत नाही, हे कबूल करते.

तलवारीचं बटण मी डाव्या हाताला दिलं. उजव्या अंगठ्याला ठेवली पाण्याची सुरई. ही सुरई ज्याच्यावर टाकाल त्याची ताकद भरून निघते, म्हणून ती स्वतःसाठी वापरायची. हे मी नीट समजावलं. आत्याबाईंनी मान डोलावली, आणि पहिलाच धोंड्या आला तर सुरई त्याच्यावर टाकायला निघाल्या.

"आत्याबाई, तो शत्रू आहे. त्याला मारायचंय."

"मारते की. पर आलाय ना दारात? पाणी तर पिऊ दे आधी."

"त्यानं तो आणखी तगडा होतो."

"होऊ दे. तहानलेल्याला मारून काय मिळवायचं?"

अंगठा तर हलायचा नाही. त्या दात आवळून अंगठ्याकडे बघत राहायच्या, तोवर धोंड्या टोले देऊन मोकळा. रोज दुपारी हेच. मी शेजारी लॅपटॉपवर काम करत असायची आणि मला बघवायचं नाही. पण त्या हटल्या नाहीत. चेंडू ज्यांना लेकराचं खेळणं वाटला, त्या धोंड्याला पाणी पाजायला तासभर झगडायच्या.

गोष्ट इथून सुरू होते. एका दुपारी मी त्यांना गंमत म्हणून माझ्या खेळात नेलं, डोंगरमाथ्यावर. म्हटलं बघा तरी तुमच्या धोंड्याचा थोरला भाऊ कसा दिसतो. तो लालेलाल धिप्पाड गडगडत आला. आत्याबाईंनी अंगठा उचलायचा प्रयत्न सुरू केला. मी डोळे मिटून घेतले, कारण पुढचं ठाऊक होतं.

काहीच आवाज आला नाही. डोळे उघडले तर थोरला त्यांच्या पुढ्यात उभा. हात खाली. गेम अडकला म्हणावं तर गवत हलत होतं, पाखरं उडत होती, संगीत चालू होतं. तो फक्त उभा होता. आत्याबाईंचा अंगठा कितीतरी वेळानं बटणावर टेकला, सुरई उडाली, पाणी त्याच्यावर पडलं. मग तो वळला आणि वाट सोडून बाजूला गेला.

"बघ," आत्याबाई म्हणाल्या, "थोरल्याला रीत कळती. बारकी पोरंच अवखळ."

मी कंट्रोलर घेतला, पुन्हा तिथंच गेले, तस्संच उभी राहिले. एका टोल्यात खलास. पुन्हा त्यांच्या हाती दिला. उभा राहिला. माझ्या हाती, टोला. मला काय राग आला म्हणून सांगू! सहा महिने मी त्याच्याकडून मार खातेय, आणि यांना हा पाण्यासाठी ताटकळत उभा?

नितीनला सांगितलं. तो म्हणाला, "बग असेल." ज्या बाईला बग शोधायचा पगार मिळतो तिला हा माणूस जेवता जेवता सांगतो, बग असेल. मी माझं ताट तसंच ठेवून उठले.

मग मी कामाच्या सवयीनं रीतसर तपासलं. आत्याबाईंना टीव्हीसमोर बसवलं, त्यांच्या हातात सेल काढलेला कंट्रोलर दिला आणि खरा घेऊन मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. बटणाला हातच लावला नाही, त्या जशा संथ असतात तशीच संथ. टोला! मग उलटं केलं. त्या आतल्या खोलीत खरा कंट्रोलर घेऊन, मी टीव्हीसमोर, तोंडानं सांगतेय की आला, आता दाबा. तो उभा. आता सांगा मला, दोन्ही वेळा यंत्राला जे जातं ते सारखंच जातं. काहीच न दाबणं हे काहीच न दाबणंच असतं, मग ते कुणाचंही असो. त्याला कसं कळायचं की कुणाचा हात आहे?

गेमच्या कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की असं वागणं शक्य नाही, गेम काढून पुन्हा टाका. टाकला. तेच. गेमवाल्यांच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला, तर लोक हसले. बरोबरच आहे म्हणा, व्हिडिओत नुसता उभा राक्षस दिसतो, हात कुठं दिसतो? आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, तुमच्या सासूबाईंच्या अंगात देवी आहे. त्यांना मी दार दाखवलं. आत्याबाईंनी बारा महिने धडपड करायची आणि श्रेय देवीनं घ्यायचं, हे कुठलं?

पावसाळा सरला. रोज दुपारी आत्याबाई थेट थोरल्याकडेच जायच्या. तो उभा राहायचा, त्या घामाघूम होऊन पाणी द्यायच्या, तो निघून जायचा. तलवार त्यांनी सोडूनच दिली. अंगठा आता टेकायला कमी वेळ लागत होता की नाही, मला सांगता येणार नाही. रोज शेजारी बसणाऱ्याला ते दिसत नाही. मॅडम म्हणायच्या, सावकाश होईल, घाई नको.

आणि मग एका दुपारी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, कानात हेडफोन, नजर टीव्हीवर. थोरला आला. थांबला नाही. हात उचलला आणि आत्याबाईंना एक टोला. स्क्रीन काळी.

मी हेडफोन फेकून उठले. मीटिंगमधल्यांनी ऐकलं असणार, कारण मी त्या दगडाला नाही नाही ते बोलले. जिनं इतके महिने रोज पाणी पाजलं त्या बाईला तू मारतोस? मेल्या, लाज वाटते का? मला रडायलाच येत होतं. वाटलं, आता या पुन्हा भिंतीकडे तोंड करणार.

आत्याबाई हातातल्या कंट्रोलरकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "वर्षा, त्यानं मला मारलं."

"दिसलं मला. बंद करते हा गेम."

"आगं, ऐक. मला मारलं म्हंजी... आता मी धडधाकट झाले व्हय?"

त्यांनी उजवा अंगठा उचलला. वाकवला. पुन्हा उचलला. सहज नाही, थरथरत, पण उचलला. मग त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. माठावरचा तांब्या बुडवल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा तांब्या उजव्या हातात होता, चारी बोटं बाहेरून आणि अंगठा आतून काठाला. माझ्यापुढे धरला. म्हणाल्या, "पी. आन् दादाला फोन लाव."

रविवारी मामा आले. कपाळाला आठ्या, सोफ्याच्या टोकावर बसले. आत्याबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या. देताना निम्मं पाणी मामांच्या धोतरावर सांडलं. मामांनी उरलेलं सगळं पिऊन टाकलं.

"माठातलं हाय का?"

"व्हय. फ्रिजचं नाय देत मी." मग त्या म्हणाल्या, "दादा, डाव्या हातानं कसं दिलं असतं तुला? म्हून पडून राहायचे."

मामांनी रिकामा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "येडे, म्या डाव्या हातानं घेतलं असतं की."

मी स्वयंपाकघरात निघून गेले, कारण त्या दोघांसमोर उभं राहणं मला जमेना.

आत्याबाई अजून खेळतात. थोरला त्यांना आता रोज मारतो, आणि त्या "मेला लई माजलाय" म्हणत खूश असतात. मीही एकदा, कुणी नसताना, त्याच्यावर सुरई टाकून बघितली. त्यानं सुरईसकट मला आडवं केलं. ठीक आहे, मी धट्टीकट्टी आहे, माझी तक्रार ती नाही. माझी तक्रार एवढीच आहे की अंगठा बरा झाला हे मॅडमना दिसलं नव्हतं, रोज शेजारी बसून मला दिसलं नव्हतं, ज्यांचा अंगठा त्यांनाही कळलं नव्हतं. मग ते एका दगडाला आधी कसं कळलं? मी माझं सगळं ज्ञान पणाला लावून बसलेय, उत्तर नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा. फक्त बग म्हणू नका.