मूक चालीत बोललेला एक शब्द

एक जिवंत माणूस मी मारलेला आहे. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवालाही नाही. (देवाला ठाऊक असावं, पण त्यानं विषय काढला नाही, म्हणून मीही काढला नाही.) माणूस धडधाकट आहे, परवाच आमच्याकडं तीन भाकरी खाऊन गेला. तरी मारला तो मारलाच!

दोन्ही पोरं नोकरीसाठी पुण्याला गेली आणि आमची शोभा गप्प झाली. मी तर जन्माचाच गप्प. एका घरात दोन मुकी माणसं म्हटल्यावर भिंतीवरच्या पालीलासुद्धा करमेना! शोभा दिवसदिवस भिंतीकडं तोंड करून पडायची. नवीन जालन्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि एका शिबिराला धाडलं. तिथून ती परतली ती मूक चालणं शिकूनच. दहा-वीस जणांनी पांढरे कपडे घालायचे, चाळीस मिनिटं एका ओळीत हळूहळू चालायचं. मान खाली, लक्ष टाचेवर, तोंड बंद.

"अन् डोक्यात इचार आला तर?" मी विचारलं.

"येऊ द्यायचा, जाऊ द्यायचा. पाव्हण्यावानी."

"जेवल्याबिगर?"

"अहो, तुमी निस्ते चाला!"

आमच्या कुंभार पिंपळगावात तिनं हे सुरू केलं, तर पहिल्या दिवशी नवलाईनं वीस जण आले. आठवड्यात सहावर आलो. (त्यातली एक शेजारीण साखर मागायला आल्ती, ती सापडली.) एका संध्याकाळी शोभा म्हणाली, "उद्या पंधरा माणसं न्हाई झाली तर बंद करते मी हे. मंग पडून राह्यते घरात."

ती भिंत मला पुन्हा बघायची नव्हती.

दुसरा दिवस बाजाराचा. सकाळी सात वाजता मी मोजलं तर अकरा जण. मला दोनदा मोजलं तर बारा! निघालो. सगळ्यात पुढं शोभा, सगळ्यात मागं मी. शोभाच्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या. चालणं संपलं की सगळ्यांनी एकेक घोट लक्षपूर्वक प्यायचा, असा शिबिरातला नियम. पाणी हिंदकळू नये म्हणून तिनं तांब्याच्या तोंडाला लाल फडकं बांधलं होतं.

आता तुम्हीच सांगा. सकाळची वेळ, पांढरे कपडे, खाली माना, कोणी बोलत नाही, पुढं लाल फडकं बांधलेला तांब्या आणि वाट ओढ्याची! आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळेल की कोणाच्या तरी अस्थी निघाल्यात. पन्नास वर्षं या गावात काढलेल्या मला तेवढं कळलं नाही!

सलीमभाईला कळलं. माझ्या खताच्या दुकानाला लागून त्याचं शिलाईचं दुकान. त्यानं अर्धं वर केलेलं शटर खाली ओढलं आणि गुपचूप माझ्या शेजारी येऊन चालायला लागला. आमच्याकडं अशा वेळी आधी विचारत नाहीत. आधी सामील व्हायचं, दहा पावलं चालायचं, मग सगळ्यात मागच्या माणसाला हळूच विचारायचं. सगळ्यात मागचा माणूस मी!

"भाऊ, कोण?"

मी ओठांवर बोट ठेवलं. त्याचे डोळे भरून आले.

"बिलकुल बोलू नका. घरातलंच दिसून राह्यलं."

इथं मी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण मी पुढं पाह्यलं. सलीमभाई धरून बारा. तीन कमी! आणि माझ्यासारख्या मुखदुर्बळ माणसानं आयुष्यात पहिल्यांदा झटपट निर्णय घेतला. माणसं गोळा करायची तर नाव वजनदार पाहिजे.

"रंगूमामा," मी म्हणालो.

रंगूमामा म्हणजे शोभाचे सख्खे मामा. पोराकडं जालन्याला राहतात, पण दर बाजारी अकराच्या गाडीनं येऊन सलीमभाईच्या बाकड्यावर संध्याकाळपर्यंत बसतात. अख्खा बाजार त्यांना ओळखतो.

"या अल्लाह! मागच्या बाजारी तर माझ्या डब्यातलं लोनचं खाऊन गेल्ते!"

सलीमभाईनं डोक्यावर रुमाल टाकला आणि रडतरडत चार दुकानांत सांगत सुटला. फटाफट शटर पडली. भाजीवाल्या बायांनी पाट्या झाकल्या. बसस्टँड येईस्तोवर आम्ही साठ झालो! शोभानं एकदाच मागं वळून पाह्यलं आणि तिचा चेहरा असा फुलला, असा फुलला, की लग्नातसुद्धा फुलला नव्हता. (लग्नात शेजारी मी होतो.)

"सख्खा मामा गेला अन् बाई हासून राह्यली?" पुढं कुजबुज झाली.

"धक्का बसला आसंल बिचारीला."

एवढ्यात स्टँडवर एक जीप थांबली आणि तीतून रंगूमामा उतरले! नेमकी त्या दिवशी कोणाची तरी जीप मिळून ते चार तास आधीच आल्ते. आमची ओळ बघून त्यांनी उपरणं डोक्यावर घेतलं आणि मुकाट्यानं माझ्या शेजारी चालायला लागले. बराबर दहा पावलं झाल्यावर हळूच म्हणाले, "जावई, कोण गेलं?"

माझं बोट आपोआप ओठांवर गेलं.

"बरं, बरं. कोणी का आसंना, मानूस लोकप्रिय व्हता बघा. येवढी गर्दी म्हंजे नशीबच!"

मी त्यांचं उपरणं आणखी पुढं ओढून दिलं. सगळ्यांच्या माना खाली होत्या म्हणून बचावलो.

ओढ्याकाठच्या चिंचेखाली सगळे गोल उभे राह्यले. शोभानं लाल फडकं सोडलं. साठ माणसांचे हात जोडले गेले. सलीमभाईनं डोळे मिटून ओंजळ पसरली. शोभानं तांब्या उचलला आणि गटागट प्याली!

"अगं बाई!" कोणीतरी किंचाळलं.

शोभा अगदी शांत, तृप्त आवाजात म्हणाली, "आता सगळ्यांनी एकेक घोट घ्या. चव जिभेवर रेंगाळू द्या."

साठ माणसं एकदम दोन पावलं मागं सरली. दोघं तर ओढ्यात उतरले!

"शोभे, आण हिकडं!" मागून आवाज आला. "जीपमधी हवा खाऊन नरडं सुकलं माझं." आणि गर्दी फोडून रंगूमामा पुढं झाले, उपरणं खांद्यावर टाकलं, तांब्या तोंडाला लावला.

नेमके तेव्हाच सलीमभाईनं डोळे उघडले. मेलेला माणूस स्वतःच्याच अस्थी पिऊन राह्यला होता! तो मट्‌कन चिखलात बसला.

"मामा... तुमी... तुमचीच..."

"माझीच काय?"

कोणीतरी सगळं सांगितलं. मामांनी गर्दीवरून नजर फिरवली. "म्हंजे हे समदे माझ्यासाठी?" छाती दोन बोटं फुगली. "मंग हार कुठंय?"

शोभा आधी मामांकडं बघत राह्यली, मग तांब्याकडं, आणि मग हसायला लागली. चिंचेला टेकून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर! तिचं पाहून साठच्या साठ हसले. वर्षभरात मी तो आवाज ऐकला नव्हता. मीही हसणार होतो, तेवढ्यात कोणीतरी विचारलं, "पन ही खबर दिली कोनी?"

सगळे सलीमभाईकडं वळले. सलीमभाईनं माझ्याकडं पाह्यलं. मी माझ्या टाचेकडं पाह्यलं. (इतकं लक्षपूर्वक मी टाचेकडं आधी कधी पाह्यलं नव्हतं.)

"ह्यांना इचारू नका," शोभा कौतुकानं म्हणाली. "ह्यांनी तर तोंडच उघडलं न्हाई!"

सलीमभाई आणखी क्षणभर माझ्याकडं बघत राह्यला. मग कपड्यांचा चिखल झटकत म्हणाला, "माझंच चुकलं. मलाच तसं वाटलं."

आज आमच्या मूक चालीला चाळीस जण येतात, शोभा झकास आहे, मामाही बाजाराच्या दिवशी पहाटेच्या गाडीनं येऊन चालतात. सलीमभाईला मात्र येणारा-जाणारा अजून विचारतो, "का भाई, आज कोनाला पोचवायचं?" तो मशीनवरची मान वर न करता हसतो. मला त्यानं एका शब्दानं विचारलेलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच्या दुकानापुढं उभं राहून, भर बाजारात, मोठ्यानं 'नाव मी सांगितलं होतं' एवढं म्हणणं हे माझ्यावर सलीमभाईचं देणं आहे. दोन वर्षं मी रोज त्याच्या शेजारचं दुकान उघडतो, 'राम राम भाई' म्हणतो, आणि आत जाऊन खताच्या गोण्या मोजत बसतो.