साहेबांच्या पगाराच्या खालच्या ओळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पेणच्या मित्रांना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं वाटतंय — की हीसुद्धा पळवाटच?

रोह्याच्या एका रसायन कंपनीत मी हिशेब खात्यात आहे. राहतो पेणला, वडील तिथेच शाळेत शिकवायचे. कंपनीची बस पेणहून निघते, कासूला, नागोठण्याला माणसं घेत रोह्याला जाते. पुढच्या दोन रांगा ऑफिसच्या लोकांच्या. तशी पाटी नाही, पण कामगार तिथे बसत नाहीत. जनार्दन बसायचा. कासूचा, मिठागरावर वाढलेला, प्लँटमध्ये ऑपरेटर आणि युनियनचा सेक्रेटरी. बसमध्ये चढला की सरळ माझ्या शेजारी. "सरका भाऊ. हितं बसून माझा पगार वाढत नाय, नि तुमचा कमी होत नाय." मागची सगळी बस हसायची. मीही.

त्या वर्षी पगाराचा करार व्हायचा होता. एकदा सह्या झाल्या की पुढची काही वर्षं कामगाराला तोंड उघडता येत नाही. व्यवस्थापन म्हणत होतं, दिवस वाईट आहेत, सगळ्यांनीच झळ सोसायला हवी. जनार्दनने कुठून तरी कंपनीचा वार्षिक अहवाल मिळवला आणि बसमध्ये माझ्या मांडीवर ठेवला. सगळा इंग्रजीत.

"सायबाला किती मिळतं तेवढं सांगा. त्याचं वाढलं असंल तर आमीपण मागू. नसंल वाढलं, तर गप सही करू. तुमचं नाव कुठं घेणार नाय, नोकरी हाय तुमची."

इतकं सरळ होतं.

मोठ्या साहेबांना पैसा कसा मिळतो, हे मला चांगलं कळतं. पगार ही फक्त पहिली ओळ. ती मुद्दाम लहान ठेवतात, वाईट वर्षी तर गोठवतात, म्हणजे भाषणात सांगता येतं. तिच्याखाली घर, गाडी, ड्रायव्हर. त्याखाली नफ्यावरचं कमिशन. आणि पुढे कुठल्याशा पानावर शेअर्स — आज ठरवलेल्या स्वस्त भावात उद्या घेता येणारे. हे सगळं ठरवणारी समिती असते, आणि तिच्यात बसतात ते बहुतेक दुसऱ्या कंपन्यांचे साहेब. यातलं काहीच लपवलेलं नसतं. छापलेलं असतं. फक्त खालपर्यंत वाचावं लागतं.

त्या वर्षी पहिली ओळ होती तेवढीच होती. खालच्या सगळ्या फुगल्या होत्या.

मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणालो, वाढलेला नाही.

"नि ह्या खालच्या?"

आता सांगतो. मी म्हणालो, तो कंपनीचा खर्च आहे, साहेबांना त्यातलं काही मिळत नाही. आणि अहवाल मिटला.

मला कुणी असं बोलायला सांगितलं नव्हतं. जनार्दन मला विचारणार आहे, हे वरच्या कुणाला माहीतही नव्हतं. मग का? त्याच वर्षी पहिल्यांदा आम्हा ऑफिसच्या काही लोकांनाही शेअर्स मिळाले होते. मूठभरच. पण करार स्वस्तात झाला तर नफा वाढणार, नफा वाढला तर साहेबांचं कमिशन वाढणार, आणि माझी मूठही जड होणार — हे गणित मी बस नागोठण्याला पोचायच्या आत मांडलं होतं.

गेट मीटिंगमध्ये जनार्दन उभा राहिला. "सायबानं सोताचं काय वाढवलेलं नाय, मी माहिती काढली हाय," म्हणाला. हात वर झाले. सह्या झाल्या. मी ऑफिसच्या खिडकीतून बघत होतो.

पुढे एका कामगाराची मुलगी कॉमर्स शिकत होती, तिने तोच अहवाल शेवटपर्यंत वाचला. आठवडाभरात प्लँटभर झालं — जनार्दनने पैसे खाल्ले, करार विकला. त्याने माझं नाव तेव्हाही घेतलं नाही. फक्त एका सकाळी बसमध्ये माझ्यापाशी आला. बसला नाही, दांडा धरून उभा राहिला. "भाऊ, तुमीच सांगा ना यांना. मी तुमाला इचारलं व्हतं."

मागची सगळी बस ऐकत होती.

खरी कबुली ही आहे. आधीचं खोटं मी स्वतःला अजून समजावू शकतो — घाई, हाव, काय म्हणाल ते. पण मी जनार्दनकडे बघून म्हणालो, "कधी? मला आठवत नाही."

त्याने दांडा सोडला. "व्हय," म्हणाला. "मीच चुकलो असन." आणि मागे जाऊन बसला. पुढच्या महिन्यापासून मी बस सोडून माझ्या गाडीने जाऊ लागलो.

त्याचं युनियनचं पद गेलं. गावातही लोक त्याच्या दारावरून जाताना बोलेनासे झाले. तो मात्र दिसला की विचारतो — बरं हाय ना, वहिनी बऱ्या हायेत ना. एकदाही विषय काढला नाही. काढला असता तर मी काय केलं असतं?

मागच्या उन्हाळ्यात त्याच्या मुलीची हळद होती. कंपनीतले फार थोडे आले होते. त्याने मला हाताला धरून मांडवात नेलं, व्याह्यांना सांगितलं, "हे आमचे भाऊ, हिशेबात हायेत." त्या बोलण्यात टोमणा आहे का, हे मी शोधत राहिलो. नव्हता.

पंगतीत शेजारी आमच्याच प्लँटचा एक जण बसला होता. मांडवाकडे बघत हळूच म्हणाला, "झोकात केलंय. कराराचं पैसं अजून पुरतायत वाटतं जन्याला."

जनार्दन चार पानं पलीकडे वाढत होता.

मी हसलो. मोठ्याने नाही. पण हसलो.