तात्यांच्या ट्रॅक्टरची गळकी टाकी

चार जुने दोस्त भेटले की कुणीतरी तात्यांच्या ट्रॅक्टरचं नाव काढतोच, आणि मग चहा थंड होतो! एक किस्सा संपेस्तोवर दुसरा तोंडाशी आलेला असतो.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई नुकतीच संपली होती. विंझरच्या तात्यांनी कुणाचा तरी जुना ट्रॅक्टर घेतला आणि चालवायला मला ठेवलं. वाड्यापुढं उभा केला, तात्यांच्या मंडळींनी, आमच्या काकूंनी, ओवाळलं, गाव गोळा झालं. तेवढ्यात पुढून पाणी टपकायला लागलं. इंजिन गार ठेवणारी जाळीची टाकी, म्हणजे रेडिएटर, गळत होती.

लोक हसू लागले. तात्या जोरात म्हणाले, "हसताय काय? इतक्या लांबनं आलाय, घाम न्हाई येनार?"

*

भोरचा आमचा गणपामिस्त्री निरोप धाडून मोकळा झाला, "टाकीत थोडं पीठ टाका, भोकं बुजतील."

तात्यांचं थोडं म्हणजे पायली! तेही नाचणीचं. मी अर्धं रान नांगरलं नाही, तोच टाकीचं झाकण उडालं आणि गरम आंबील फसाफसा बाहेर! मी उडी मारून बांधावर. पुढ्यात चाललेले तात्या नखशिखांत माखलेले.

भाकरी घेऊन आलेल्या काकूंनी पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, "मीठ घातलं व्हतं का?"

*

शेवटी टाकी बदलायचं ठरलं. नवी मिळायची सोय नव्हती. मिस्त्रीनं पुण्याच्या जुन्या बाजारातून एका मोडक्या लॉरीची टाकी शोधली, घोंगडीत गुंडाळली आणि सर्व्हिस मोटारीत, म्हणजे तेव्हाच्या बसमध्ये, मांडीवर घेऊन बसला. कुणाला हात लावू देईना!

शेजारचे भोरचे वकील म्हणाले, "बुवा, पेटी काढा की! एखादा अभंग होऊ द्या."

मिस्त्री म्हणाला, "व्हईल की! पर ही पेटी पानी पाजल्याबगर गात न्हाई!"

*

टाकी बसेना. भोकं जुळेनात. लोहारानं पट्ट्या ठोकून दिल्या, रबरी नळी तारेनं आवळली. पाणी भरलं. तात्यांनी बॉनेटवर नारळ फोडला, मी हँडल मारलं, इंजिन धडधडलं. सगळे वाकून खाली बघायला लागले.

टप्.

तात्या मटकन खालीच बसले. मिस्त्रीचा चेहरा उतरला. त्यानं ट्रॅक्टरखाली सरपटत जाऊन तो थेंब बोटावर घेतला आणि जिभेला लावला.

"ग्वाड हाय!" आतूनच ओरडला, "नारळाचं हाय, तात्या!"

*

शेजारच्या शिरपाआबांशी तात्यांचं बांधावरून कैक वर्षं बोलणं नव्हतं. त्या साली ऐन पेरणीच्या तोंडावर आबांचा बैल लंगडा झाला. आभाळ भरून आलेलं, आणि आबांचं रान तसंच पडलेलं.

सकाळी तात्या मला म्हणाले, "आज तिकडं घाल."

"तिकडं म्हंजे आबांच्यात?"

"मग काय माझ्या डोस्क्यावर घालतोस?"

मी घातला. आबा बांधावर येऊन उभे राहिले. ना हो म्हणाले, ना नको. मी नांगरत राहिलो. दुपार कलली तसं रान संपलं. मी निघणार, तोच आबांनी हात वर केला आणि खोपीकडं गेले.

आले ते डोक्यावर हिरव्या गवताचा भारा घेऊन. ट्रॅक्टरच्या पुढ्यात टाकला, पेंढी सोडून नीट पसरला.

मला हसू आवरेना. "आबा, ह्यो गवत खात न्हाई!"

"ठावं हाय मला," आबा म्हणाले, "पर माझ्या रानात राबून उपाशी कसा जाईल?"