थोरल्या भावाच्या नावाने

रेघबाईंचं खरं नाव आमच्या मोजणी कार्यालयात फक्त हजेरीपुस्तकाला ठाऊक होतं. त्या अनुरेखक होत्या. जुना, फाटायला आलेला नकाशा खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर पसरायचा, त्यावर ट्रेसिंगचं कापड ताणून बसवायचं आणि खालची प्रत्येक रेघ वर जशीच्या तशी उतरवायची, हे त्यांचं काम. एकतीस वर्षं त्यांनी तेच केलं. त्यांचा हात असा की आमचे साहेब म्हणायचे, "बाईंनी मारलेली रेघ मुंगीसुद्धा विचारून ओलांडते." मी शेजारच्या टेबलावर नकाशांची नोंद ठेवायचो.

लग्न त्यांनी केलं नाही. इस्त्रीच्या दुकानावर दोन खोल्या होत्या, तिथे त्या आणि त्यांची आई राहायच्या; आईंना आम्ही सगळे आजी म्हणायचो. थंडीत खालच्या इस्त्र्यांनी वरची फरशी कोमट व्हायची आणि आजी त्या फरशीवर पाय पसरून बसायच्या. वय त्र्याऐंशी, एक कान गेलेला, जीभ मात्र शाबूत. आपल्या वडिलांचा विषय निघाला की त्या एका वाक्यात संपवायच्या, "माझा बाप हातावर तुरी देऊन पळाला." आवाज असा, की जणू शेजाऱ्याची मांजर पळाली.

गोष्ट गोऱ्या साहेबाच्या राज्यातली. आजींचे आईवडील चहाच्या मळ्यावर कामाला होते. आजी पाच वर्षांच्या असताना वडील एका पहाटे "पलटणीत भरती होतो, परत येतो" असं बायकोला सांगून गेले. महिन्याभरात मळ्याच्या साहेबाने त्यांना फरारी ठरवलं आणि बायकोपोरीला खोलीतून बाहेर काढलं. पुढे पत्र नाही, निरोप नाही. आजींच्या आईने शहरात येऊन इस्पितळाच्या चादरी धुतल्या, मुलगी वाढवली आणि नवऱ्याच्या बाबतीत तोंडाला कुलूप लावलं ते कायमचं. ती ना सधवा होती, ना विधवा. लोक म्हणत, पलटण-बिलटण काही नाही, दुसरा संसार थाटला असेल. होता होता आजींनीही तेच धरलं.

रेघबाई निवृत्त झाल्या त्या वर्षी आजींना छातीत दुखायला लागलं म्हणून इस्पितळात नेलं. तरुण डॉक्टर फॉर्म भरत होता.

"आजी, तुमचे वडील कशाने गेले?"

"माहीत नाही."

"म्हणजे? हृदयविकार, साखर, काही आठवतं?"

"गेले की नाही तेच माहीत नाही. असतीलही."

डॉक्टर हसला. "अहो, एकशे पाच वर्षांचे असतील मग!"

आजी हसल्या नाहीत. रेघबाई मला नंतर म्हणाल्या, "तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. आई अजून वाट बघत होती हो. एवढी वर्षं पळाला म्हणत होती, आणि वाट बघत होती."

घरी येताना रिक्षात आजींनी विचारलं, "तुम्ही लोक एवढे कागद सांभाळता. त्यात माझा बाप कुठे असेल का गं?"

दुसऱ्या दिवशी रेघबाई माझ्या टेबलासमोर उभ्या. मी त्या मळ्याचा नकाशा काढला. मूळ नकाशा केव्हाच वाळवीच्या पोटात गेला होता, कापडावरची नक्कल शिल्लक होती. खालच्या कोपऱ्यात नक्कल करणाऱ्याची आद्याक्षरं होती. रेघबाई वाकून बघत राहिल्या. आद्याक्षरं त्यांचीच होती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी तो नकाशा उतरवला होता. कामगारांच्या चाळी म्हणजे बोटभर लांबीचे चौकोन, एकामागे एक. आपल्या आईची खोली आपल्याच पेनाखालून गेली, आणि आपल्याला पत्ता नाही!

त्याची प्रत त्यांनी घरी नेली. आजींनी भिंग लावलं, नकाशा तीनदा फिरवला आणि खेकसल्या, "नळ कुठाय? नळाशिवाय मी काय सांगू?" रेघबाईंनी पाण्याची टाकी दाखवली. मग आजींचं बोट टाकीवरून हळूहळू सरकत तिसऱ्या चाळीच्या टोकाला गेलं. "ही. शेवटची. इथे दारात एक मोठा धोंडा होता, त्यावर बसून बाबा मला अंघोळ घालायचे."

"बाप" सोडून "बाबा" हा शब्द त्या दिवशी त्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला.

चाळ आणि खोली कळल्यावर आम्ही दोघं मळ्यावर गेलो. दोन बसगाड्या, शेवटी चढ. मळा आता तिसऱ्या मालकाकडे होता. जुनी दफ्तरं बंगल्यामागच्या अडगळीच्या खोलीत होती आणि त्यांचा राखणदार एक कारकून होता, मफलर गुंडाळलेला, कुणी काही मागितलं की आधी "नाही" म्हणायची सवय असलेला.

"नाही मिळणार. ऐंशी वर्षांपूर्वीचे कागद म्हणजे उंदरांची शिदोरी हो, बाई."

"उंदरांनी उरवलेलं चालेल," रेघबाई म्हणाल्या आणि पदर खोचून आत शिरल्या.

दुपारपर्यंत आम्ही दोघंही डोक्यापासून पायापर्यंत करडे झालो होतो. खोल्यांप्रमाणे मांडलेलं हजेरीचं बाड शेवटी कारकुनानेच काढून दिलं. धूळ बघून त्याला आमची दया आली असावी. तिसरी चाळ, शेवटची खोली. चार माणसं नोंदलेली होती. आजींचे वडील, त्यांची बायको, एक मुलगी. आणि वडिलांचा थोरला भाऊ. भावापुढे शेरा: "मयत, ताप." वडिलांपुढे, बरोबर दोन वर्षांनंतरच्या तारखेला, जाड शाईत: "फरारी." शेजारच्या रकान्यात अंगठ्याचा ठसा होता आणि ठशाच्या मधोमध एक आडवी पांढरी रेघ.

"छाटणीचा कोयता लागलेला असणार," कारकून म्हणाला. "इथे निम्म्या लोकांचे अंगठे असेच."

रेघबाईंनी पिशवीतून ट्रेसिंगचा कागद काढला आणि तिथेच गुडघ्यावर वही धरून तो ठसा उतरवला, एकेक वळण. कारकून मफलर सोडून बघत राहिला.

मग सुरू झाली पलटणीच्या दफ्तरखान्याशी पत्रापत्री. तीन पत्रं गेली, तीन उत्तरं आली, तिन्हीत एकच ओळ: या नावाचा इसम भरतीच्या यादीत आढळत नाही.

"बघ," आजी म्हणाल्या. "मी सांगत नव्हते?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. भर दुपारी. त्या दिवशी जेवल्या नाहीत.

रेघबाईंनी हार मानली नाही. चौथ्यांदा पत्र न लिहिता त्या स्वतःच गेल्या. दफ्तरखान्यात एक निवृत्त सुभेदार होते, पांढऱ्या मिशा, चष्म्याला दोरी. त्यांनी सांगितलं, "ताई, नाव नाही म्हणजे नाही. पण एवढ्या लांब आलात, तर त्या महिन्याची यादी डोळ्यांखालून घाला." चारशे बारा नावं होती. बाईंनी प्रत्येक नावाखाली बोट फिरवलं. त्यांचं कामच ते. तिसऱ्या पानावर बोट थांबलं.

"सुभेदारसाहेब, हा माणूस भरतीच्या दोन वर्षं आधी मेलाय."

"ताई, आमच्याकडे माणसं भरतीनंतर मरतात, आधी नाही."

"हा मेलेला होता. हा माझ्या आजोबांचा थोरला भाऊ. बापाचं नाव तेच, मळा तोच."

सुभेदारांनी चष्मा पुसला आणि आत जाऊन त्या नावाची फाईल आणली. पहिल्याच पानावर अंगठ्याचा ठसा होता. रेघबाईंनी आपला ट्रेसिंगचा कागद त्यावर ठेवला आणि खिडकीच्या उजेडात धरला. वळणावर वळण बसलं, आडव्या रेघेवर आडवी रेघ.

सुभेदारांनी दोन्ही ठसे स्वतः एकदा पडताळून पाहिले. मग म्हणाले, "मळ्याच्या करारातला माणूस साहेबाच्या चिठ्ठीशिवाय भरती करून घेत नसत. चिठ्ठी कोण देणार? म्हणून त्यांनी भावाचं नाव सांगितलं. मेलेल्या माणसावर कुणाचा करार नसतो."

म्हणजे ते पळाले होते, पण मळ्यावरून. बायकोपोरीपासून नाही. रस्ते बांधणाऱ्या मजूर पलटणीत, समुद्रापलीकडे, चौदा महिने त्यांनी दगड फोडले आणि तिथल्या छावणीच्या इस्पितळात तापाने गेले. वारसाच्या रकान्यात लिहिलं होतं: मुलगी, वय पाच. फाईलच्या तळाशी एक परत आलेलं पाकीट होतं. मृत्यूची बातमी पलटणीने मळ्याच्या पत्त्यावर कळवली होती. पाकिटावर तिरक्या अक्षरात शेरा होता: "येथे राहत नाहीत. कोठे गेले माहीत नाही." रेघबाईंनी अक्षर ओळखलं. हजेरीच्या बाडात "फरारी" लिहिणारा हात तोच होता.

नकला घेऊन त्या घरी आल्या तेव्हा मीही गेलो होतो, कारण एकटीने सांगायचा त्यांना धीर होईना. आजी खिडकीपाशी बसल्या होत्या. रेघबाईंनी चांगल्या कानाशी बसून सगळं सांगितलं. आजींचा चेहरा हलला नाही. शेवटी मृताच्या सामानाची यादी होती, तीही वाचून दाखवली.

"कांबळं, एक. पत्र्याचा मग, एक. कंगवा, मोडका, एक. सुतळीचा तुकडा, दोन गाठी मारलेला—"

"किती लांब?" आजींनी मध्येच विचारलं.

"लांबी नाही लिहिलेली, आई. 'कामाचा नाही' एवढंच लिहिलंय."

आजींनी आपला उजवा पाय पुढे केला. वाळका, शिरा वर आलेला. "माझ्या पावलाएवढी असणार. तेव्हाच्या पावलाएवढी. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी टाचेपासून अंगठ्यापर्यंत सुतळी धरली, दोन गाठी मारल्या. म्हणाले, येताना बूट आणतो. मला गुदगुल्या झाल्या म्हणून मी पाय ओढला, तर म्हणाले, हलू नकोस, माप चुकेल." त्या थांबल्या. "मला आयुष्यभर वाटलं, हे मी स्वप्नात बघितलं असेल. पळून जाणारा माणूस माप कशाला घेईल? म्हणून कुणाला सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही."

आजी त्या दिवशी रडल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मात्र चिडायला लागल्या. पळपुट्यावर चिडण्यात त्यांना कधी रस नव्हता. आता जिवंत माणसावर चिडावं तशा चिडत. "कुणी सांगितलं होतं बूट हवेत म्हणून? अनवाणी काय वाईट होतं?" भाजी निवडताना, केस विंचरताना, मध्येच. "निदान मळ्यावरच्या एकाला तरी सांगून जायचं, अमक्या नावाने गेलोय म्हणून! एवढी अक्कल नको?" रेघबाई सांगायच्या, "घरात जणू एक माणूस वाढलंय."

पलीकडच्या त्या देशात पलटणीची दफनभूमी होती. तिच्या कार्यालयाला रेघबाईंनी लिहिलं. सहा आठवड्यांनी फोटो आला. कापलेलं गवत, पांढऱ्या दगडांची रांग, त्यातला एक दगड. त्यावर थोरल्या भावाचं नाव. रेघबाईंनी पुराव्यानिशी अर्ज केला. उत्तर आलं की दगडावरचं नाव बदलता येत नाही, पण कार्यालयाच्या नोंदवहीत खरं नाव पुढे जोडलं आहे.

रेघबाईंना ते लागलं. एवढं शोधून दगड चुकीचाच! त्या आणखी एक अर्ज लिहायला बसल्या, तर आजींनी कागद बाजूला सारला.

"राहू दे गं. काकाला तरी कुठे दगड मिळाला होता? मळ्यावर त्याला कुठे पुरलं तेही कुणाला आठवत नाही. दोघं भाऊ आहेत. एका दगडात भागवतील."

मग म्हणाल्या, "पण तू जाऊन ये. मला नाही झेपायचं."

रेघबाई त्याआधी कधी विमानात बसल्या नव्हत्या. गेल्या. परतल्यावर त्यांनी मला सगळं सांगितलं, नेहमीसारखं बारीकसारीक तपशिलासह. दगड रांगेत सातवा होता. माळ्याने पाण्याचं भांडं आणून दिलं, भाषा येत नव्हती म्हणून खुणेने विचारलं, कोण? त्यांनी खुणेनेच सांगितलं, आईचे वडील. मग घरी फोन लावला. इस्त्रीवाल्याने वर जाऊन फोन आजींच्या चांगल्या कानाला लावून दिला.

"पोचलीस?"

"पोचले, आई. समोरच उभी आहे."

पलीकडे आजींनी आधी इस्त्रीवाल्याला खाली पिटाळलं.

"फोन दगडाला लाव," आजी म्हणाल्या. "आणि तू ऐकू नकोस."

रेघबाईंनी गुडघे टेकले, फोन दगडाला टेकवून धरला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. दगड उन्हाने तापलेला होता. आजी काहीतरी बोलत होत्या. शब्द कळत नव्हते, नुसता बारीक आवाज येत होता, कधी चढा, कधी अगदी हळू. चार मिनिटं चालला असेल. मग थांबला.

"आई काय म्हणाली, विचारलं का तुम्ही नंतर?" मी म्हटलं.

"विचारलं ना. म्हणाली, आमच्या घरातलं होतं, बापलेकीचं."