दाजींच्या आवाजाची बटणं

हळू बोलणं म्हणजे काय, हे ज्याला जन्मात कळलं नाही असा पृथ्वीच्या पाठीवर एकच माणूस मी पाहिला, आणि माझं नशीब असं की तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. आमच्या अक्काचे यजमान, म्हणजे आमचे दाजी. ते कुणाच्या कानात काही सांगायला वाकले की ते अख्ख्या गल्लीला कळायचं. अक्काला बघायला ते आमच्या घरी आले, तेव्हा शेजारी बसलेल्या मामाच्या कानाला लागून त्यांनी एक गुपित सांगितलं, ‘पोरगी झ्याक हाय, पर पोहे खारट झाल्यात.’ आत स्वयंपाकघरात अक्कानं ते ऐकलं आणि उरलेल्या बशांवर मुकाट्यानं साखर भुरभुरली. लग्न ठरलं ते असं. पुढं कुणाच्या मयताला जायचं झालं की आम्ही दाजींना हात धरून फाटकाबाहेरच उभं करत असू, कारण त्यांचं हळहळणंसुद्धा आतल्या माणसांना दचकवायचं.

नोकरी त्यांना या आवाजावरच मिळाली होती. साखर कारखान्यावर हंगामात उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर नंबर लावून उभे राहायचे आणि आता वजनकाट्यावर कुणी यायचं, ते दाजी पुकारायचे. ‘एकशे चौदा! सरक की फुडं! झोपलास व्हय?’ गाडीवान जागा व्हायच्या आत त्याचे बैल उठून उभे राहायचे. नव्वद-ब्याण्णवच्या सुमारास कारखान्यानं त्यांना माईक आणून दिला. दाजींनी तो तीन दिवस वापरला आणि चौथ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. म्हणाले, ‘ह्यातनं माझा आवाज बारीक येतोय.’

यंत्रांशी त्यांचं वाकडं होतंच, पण बटण म्हटलं की त्यांचं डोकंच सणकायचं. दारावरची बेल त्यांनी उभ्या आयुष्यात दाबली नाही. फाटकातनंच ‘हाय का कोण घरात?’ अशी आरोळी यायची आणि मागच्या तीन घरांतनं ‘हाय, हाय’ असं उत्तर जायचं. टीव्हीचा रिमोट हाताशी असला तरी अक्काला परड्यातनं हाक मारून चॅनल बदलून घ्यायचे. ‘बटण दाबून बोलायचं तर देवानं तोंड कशाला दिलंय?’ हा त्यांचा सवाल, आणि तो नेमका माझ्यासाठी असायचा. कारण मी राजारामपुरीतल्या एका छोट्या ऑफिसात दूध संस्थांसाठी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायचो, आणि पुढं मोबाइलचेही लिहायला लागलो. पडद्यावर कुठलं बटण कुठं असावं, केवढं असावं, यात माझा दिवस जायचा. दाजी पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायचे ती अशी, ‘हे आमचं मेव्हणं. शर्टाला लावत्यात तशी कॉम्प्युटरला बटणं लावत्यात.’ एका पाहुण्यानं मला खरंच शिंपी समजून सफारीच्या शिलाईची चौकशी केली होती. मला राग यायचा, का येणार नाही? शिकलेल्या माणसाची अशी फजिती कळंब्यात, बहिणीच्या भर अंगणात होत असेल तर कुणालाही येईल.

दाजी निवृत्त झाले आणि दोन वर्षांत त्यांच्या आवाजाला चरा पडला. जोर तोच होता, पण शब्दाच्या शेवटी काहीतरी फाटल्यासारखं वाजायचं. मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं, एका वैद्याची पुडी झाली. शेवटी डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं की गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल; जीव वाचेल, आवाज जाईल. दाजींनी विचारलं, ‘काढून ठेवणार कुठं?’ डॉक्टर तेवढे हसले. घरी येईपर्यंत अक्काच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं. दाजी तिला म्हणाले, ‘रडतीस कशाला? एवढी वर्सं मी वरडलो, आता तू वरड.’ मग ते ओसरीवर जाऊन बसले. मी चप्पल घालायला लागलो तसे मला म्हणाले, ‘पावणं, तुमच्या त्या बटणात माझा आवाज बसंल काय वो?’

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

ऑपरेशनला बारा दिवस होते. दाजींनी कॅलेंडरच्या जुन्या पानांच्या मागं यादी केली. च्या टाक. वाढ की गं. कोण हाय? आत या की पावणं. न्हाय जमत. किती वेळा सांगायचं? गप बस गं. अशी चौसष्ट वाक्यं. मी रेकॉर्डिंगला बसलो तर पहिल्याच वाक्याला आवाज फाटला, कारण माणूस माईकला खाऊन टाकत होता. मी त्यांना खुर्चीतनं उंबऱ्यावर नेलं, उंबऱ्यावरनं अंगणात, आणि शेवटी पार गोठ्याच्या भिंतीशी उभं केलं, तेव्हा कुठं रेकॉर्डिंग नीट यायला लागलं. ‘कोण हाय?’ म्हटल्याबरोबर मागच्या घरातनं ‘मी हाय, दाजी!’ असं उत्तर आलं आणि तेही भरलं गेलं. ते खोडायला दाजींनी नकार दिला. ‘इच्यारलं की उत्तर याचंच की,’ म्हणाले. अक्का दाराशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, ‘अहो, जरा गोड बी कायतरी भरा.’ दाजींनी गोठ्याच्या भिंतीपाशी विचार केला. मग म्हणाले, ‘मी कवा गोड बोललोय व्हय? मग बटण खोटं बोलंल.’ अक्का आत गेली. मला त्यांचा त्या क्षणी संताप आला होता, हे मी कबूल करतो.

ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. मी त्यांना बोटानं चालणारा मोठ्या पडद्याचा फोन आणून दिला. ॲप हा शब्द तेव्हा आमच्यात कुणी वापरत नव्हतं, सगळे प्रोग्रॅमच म्हणायचे. दाजींचं बोट असं की एक बटण दाबायला जावं तर दोन दाबली जायची, त्यामुळं बटणं मोठी ठेवावी लागली आणि पडद्यावर एका वेळी सहाच मावायला लागली. वाक्यं मात्र चौसष्ट. मग मी डोकं चालवलं. सकाळी फोन उघडला की ‘च्या टाक’ आपोआप वर यायचं, दुपारी ‘वाढ की गं’. जे जास्त दाबलं जाईल ते पुढं सरकायचं आणि मोठं व्हायचं. जे दाबलं जाणार नाही ते फिकं होत मागं जायचं, आणि दीड महिना कुणी हात लावला नाही तर निघूनच जायचं. हा नियम माझा, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

आठ दिवसांनी दाजींनी पाटीवर लिहून मला दाखवलं, ‘मी बटण हुडकंस्तोवर लोक फुडं जात्यात.’ हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चारचौघांत गप्पा चालल्या असताना दाजी मान खाली घालून बटण शोधायचे, सापडून दाबेपर्यंत विषय बदललेला असायचा, आणि मुलांच्या परीक्षेवर चर्चा चालू असताना मध्येच ‘ऊस लई पडलाय औंदा’ असं वाजायचं. लोक हसायचे. दाजीही हसल्यासारखं करायचे. ज्यांच्यापुढं बैल उठायचे त्या माणसाला घरच्या ओसरीवर वाक्य टाकायला जागा मिळेना. म्हणून मी एक तरंगतं बटण केलं. पडद्यावर दुसरं काहीही असो, ते सगळ्यांच्या वर राहायचं, बोटानं ढकलाल तिकडं सरकायचं, आणि दाबलं की ‘थांबा की जरा!’ म्हणायचं. यादीत हे एकच वाक्य असं होतं की ते ऐकून सगळे खरंच थांबायचे. एकदा बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर ते चुकून दाबलं गेलं आणि त्यानं कचकन ब्रेक मारला.

फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधनं त्यांचा आवाज मात्र बारीकच यायचा. पंख्याच्या घरघरीत तो ऐकू येईना, म्हणून दाजी उठून अक्काजवळ जायचे, फोन तिच्या कानाशी धरायचे आणि मग बटण दाबायचे. इतक्या वर्षांच्या संसारात ते पहिल्यांदाच तिच्या इतक्या जवळ येऊन बोलत होते. बोलायचे ते ‘गप बस गं’च, पण अक्का लाजायची.

तिसऱ्या वर्षी दुखणं उलटलं. बोट उचलेना तशी मी बटणं मोठी करत गेलो. सहाची चार केली, चारची दोन. शेवटी पडद्यावर फक्त ‘व्हय’ आणि ‘न्हाय’ उरलं. अक्का विचारायची, ‘पाणी देऊ?’ व्हय. ‘लई दुखतंय का?’ न्हाय. हे न्हाय खोटं होतं आणि ते आम्हा दोघांनाही कळत होतं. एका दुपारी अक्कानं काहीतरी विचारलं आणि बोट पडद्यावर नुसतंच पडून राहिलं.

दाजींचं दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. मी सगळी चौसष्ट बटणं परत जागच्या जागी लावून फोन अक्काच्या हातात दिला. माझ्याच्यानं दुसरं काही होण्यासारखं नव्हतं. तिनं तो घेतला, पदरानं पुसला आणि देवाच्या फळीवर ठेवला. तिथनं ती तो अधूनमधून काढायची, सकाळचं ‘च्या टाक’ ऐकायची, कधी दुसरं एखादं दाबायची आणि परत ठेवायची.

पुढं दोनेक महिन्यांनी ऑफिसात तिचा फोन आला. ‘आरं, ह्यातली बटणं कमी व्हाय लागल्यात. परवा ‘वाढ की गं’ हुतं, आज न्हाय. ‘आत या की पावणं’ बी दिसंना.’ मी म्हटलं, अगं, खाली सरकलं असेल. म्हणता म्हणता आठवलं. माझा तो हुशार नियम! दाजी गेल्यावर तो काढून टाकायला मी साफ विसरलो होतो, आणि तो इमानेइतबारे आपलं काम करत होता. मी लॅपटॉप उचलला आणि तसाच कळंब्याला गेलो.

अक्का फोन मांडीवर घेऊन ओसरीवर बसली होती. म्हणाली, ‘मला वाटलं, ह्येच एकेक करून न्याय लागल्यात.’ मी तिला शप्पथ घेऊन सांगितलं की आवाज कुठंही गेलेले नाहीत, माझ्याकडं सगळे आहेत, आत्ता परत आणतो. तिनं विचारलं, ‘पर जात्यात का?’

‘दाबली नाहीत की जातात. माझीच चूक. हा नियमच काढून टाकतो, मग कधीच जाणार नाहीत.’

‘दाबली की ऱ्हात्यात?’

‘हो.’

‘एवढंच व्हय?’ ती म्हणाली. ‘मग परत आण, पर नियम ऱ्हाऊ दे.’

मी म्हटलं, ‘अक्का, अगं, एखाद्या वेळी विसरलीस तर?’

‘न दाबता ऱ्हाणार आसतील तर मी कशाला दाबीन? आज न्हाय उद्या करत फोन कपाटात जाईल. तुला कळत न्हाय. ऱ्हाऊ दे म्हंते न्हवं!’ दाजींच्या पट्टीत नसेल, पण ती चांगलीच ओरडली.

मी बटणं परत आणली आणि नियमाला हात लावला नाही. निघताना उगीच विचारलं, ‘रोज सगळीच दाबणार? गप बस गं सुद्धा?’

‘त्ये तर दोनदा दाबायचं,’ अक्का म्हणाली.

अजून दर रविवारी मी कळंब्याला जातो. चौसष्ट बटणं एकामागनं एक दाबायला पाच-सात मिनिटं पुष्कळ झाली, मी घड्याळ लावून बघितलंय. अक्काला पाऊण तास लागतो, कारण ती प्रत्येकाला उत्तर देते. तेवढा वेळ मी बाहेर कट्ट्यावर बसून राहतो.