रुईचा डोंगर

जयवंताबाईच्या लेखी तिचा धर्मराज फौजेत कापूस राखायला होता.

कारगिलची लढाई झाली त्या साली त्यानं घरी फोटू धाडला. पांढऱ्याफेक ढिगावर तीन जवान, एकमेकाच्या खांद्यावर हात टाकून. मेंढरामागं अन् कापसाच्या वावरात जन्म गेलेली बाई. बर्फ म्हणजे तिला रसवंतीवरची लादी तेवढी ठाऊक. फोटू निरखून म्हणाली, "कापसाची सरकी काढायच्या जिनिंगवर हाय जनू पोरगं. फौजेलाबी रजया लागत असतीलच की."

बातम्यांनी घर हादरलेलं. म्हातारीला तेवढीच शांत झोप लागते म्हणून सून नंदाबाईनं मान डोलावली, अन् जिनिंग पक्कं झालं.

धर्मराज परत आला तो डाव्या पायाची तीन बोटं घालवून. "मशिनीत गेली," म्हणाला. जयवंताबाईनं जिनिंगच्या मालकाचा सात पिढ्यांपर्यंत उद्धार केला. मंग फोटूतल्या त्याच्या दोन जोडीदारांची चौकशी. संपत बराय? बराय. वसंताचं लग्न झालं? झालं. ती इचारायची, तो रचायचा. असं करता करता वसंताला पोरगी झाली, तवा म्हातारीनं लाल खणाची कुंची शिवून दिली. ती धर्मराजच्या ट्रंकेत, फोटूंच्या खाली राहिली. धाडणार कुणाला? ते दोघं डोंगरावरून खाली आलेच नव्हते. गोळीला न भ्यालेला माणूस, पण मायला हे कळंल या धाकात म्हातारा होत चालला.

आजीपासून लढाई लपवलीय हे प्रांजलीला, म्हणजे त्याच्या लेकीला, कुणी सांगितलंच नव्हतं. दिवाळीला जालन्याहून येताना तिनं तोच फोटू मोठा करून आणला अन् ओसरीच्या भिंतीला टांगला. मोबाईलवर तो डोंगर काढून आजीम्होरं धरला. धर्मराज डोळ्यानं खुणावतोय तोवर ती बोलूनबी गेली.

"आज्जे, समदं बर्फ हाय हे. पप्पा ह्याच्यावर चढले, वरून गोळ्या चालू असताना."

जयवंताबाईनं मोबाईल डोळ्याजवळ नेला. कडा भिंतीवानी सरळ. आधी मोबाईल, मंग भिंतीवरचा फोटू. वर बघता बघता डोईचा पदर गळाला तरी तिला उमगलं न्हाई.

"ह्याच्यावर शेळी चढंल का रं?"

"न्हाई, माय."

"मंग तू कसा चढला?"

"दोराला धरून. म्होरं संपत व्हता."

"अन् वसंता?"

"माझ्या मागं."

ती उठली. रुई चिमटीत धरून तिचा धागा बघावा तशी फोटूतल्या पांढऱ्यावर चिमूट फिरवली. काचच लागली. मंग बाजेपाशी येऊन तिनं धर्मराजचा पाय मांडीवर घेतला, बोटांच्या जागा चाचपल्या.

"मशीन न्हाई म्हन की."

"न्हाई. थंडीनं काळी पडली व्हती."

"त्या मालकाला म्या फुकाच शिव्या घातल्या." पाय तसाच धरून म्हणाली, "कुंची हाय का फेकली?"

त्यानं ट्रंक उघडली. कुंचीची घडी मोडलेली नव्हती. तिनं ती हातात घेतली, पोरीचं काही इचारलं न्हाई. मोबाईल तेवढा त्याच्याम्होरं केला.

"दाव मला. कुठं राह्यले ते?"

आजवर त्यानं ही जागा कुणाला दावली नव्हती, नंदाबाईलाबी न्हाई. त्यानं कड्याच्या निम्म्यावर बोट टेकवलं. बोट लागताच डोंगर मोठा झाला, मोबाईलच्या पार कडेपर्यंत भरला.

"हितं."

जयवंताबाईनं गळालेला पदर उचलून डोईवर घेतला.